आठ दिवस आणि सव्वा महिना

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली. चुलतभावाची बायको देवगडजवळच्या आमच्या गावी बाळंतीण आहे. तिच्या माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. काकूने लिहिलं, ‘बाळ छान आहे, पण ही सारखी रडते.’ झालं. एका काकांनी लगेच आजीचा दाखला दिला, की ती भाताचा तरवा (लावणीची रोपं) काढून दुपारी घरी आली आणि दिवेलागणीला बाळंत झाली, तेव्हा कुठे होतं डिप्रेशन? पुण्याच्या बहिणीने उलट टोक गाठलं. सव्वा महिना खोलीत कोंडलं की बाई रडणारच, हे सगळं बुरसटलेलं बंद करा, परदेशात बघा कसं असतं. मग दोघांनीही मलाच साक्षीला बोलावलं, कारण माझी दोन्ही बाळंतपणं नेदरलँड्समध्ये झाली.

तर साक्ष अशी.

इथे सगळं सुरळीत असेल तर बाळंतिणीला काही तासांतच घरी धाडतात. पण मग घरी ‘क्रामझोर्ख’ची, म्हणजे बाळंतिणीची देखभाल करणारी बाई येते. साधारण आठ दिवस, रोज काही तास, एकूण किमान 24 आणि बहुधा 49. खर्चाचा बराचसा भाग मूळ आरोग्यविमा उचलतो. तिची पहिली अट म्हणजे पलंग उंच हवा, नाहीतर वाकून तिची कंबर जाते. नवऱ्याने ठोकळे आणून पलंगाच्या पायांखाली लावले. वेंगुर्ल्याहून विमानाने आलेल्या माझ्या आईने पलंगाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, “खाली शेगडी ठेवूक उंच केल्यानी काय गो?”

आईच्या बॅगेत ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, अळीव, डिंक, शिवाय डोक्याला बांधायचा रुमाल. आई खिडक्या लावायची, ही क्रामझोर्खची बाई उघडायची. जानेवारीत! ही म्हणायची उठ, आंघोळीला चालत जा. आई म्हणायची पडून राहा, वात धरेल. दोघींचं जमलं ते एकाच गोष्टीवर. इथे बाळ झालं की टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या दाण्यांचा थर देतात, मुलगी झाली तर गुलाबी-पांढरा. दूध येतं म्हणे त्याने. आईने एक दाणा चावला, म्हणाली, “हेंचाय आमच्यासारख्याच,” आणि टोस्ट चहात बुडवला.

ती बाई रोज टाके बघायची, पोट दाबून गर्भाशय किती खाली उतरलं ते पाहायची, ताप, नाडी, पॅड किती भिजलं. तासाभरात पूर्ण भिजलं तर थांबू नको, लगेच फोन कर, हे तिने मला तीनदा सांगितलं. मग खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, “तू कशी आहेस?” आणि उत्तराची वाट बघायची. मला आधी काही सुचेचना. बाळंतपणात आमच्याकडे विचारतात ते ‘दूध येतं का?’

पुण्याच्या बहिणीला हे आवडेल. पण नवव्या दिवशी ती बाई गेली. नवऱ्याची पूर्ण पगाराची रजा एक आठवड्याची, पुढची पाच आठवडे 70 टक्क्यांवर, आणि ती त्याने नंतरसाठी राखून ठेवलेली. आई नसती तर ती काळोखी दुपार, पाचच्या सुमारास मावळणारा सूर्य आणि रडणारं बाळ एवढंच माझ्या वाट्याला आलं असतं. शेजारीण कार्ड टाकून जाते, पण वेळ ठरवल्याशिवाय घरात येत नाही. सव्वा महिना आयतं जेवण, उकड्या तांदळाची पेज आणि तूप, तेल लावायला कुणीतरी, भांड्याला हात लावायचा नाही, ही चैन इथे कुठल्याच विम्यात बसत नाही.

बाराव्या-तेराव्या रात्री मी रडत होते तेव्हा आई अंधारात बोलली. मी झाले तेव्हा पप्पा मुंबईला, गणपतीला येणार. तिला झोप यायची नाही. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, घाडीकडे, म्हणजे गावच्या भगताकडे, गाऱ्हाणं घातलं. “माका तेव्हा बावीकडे जावक भिती वाटायची,” आई म्हणाली. विहिरीतून पाणी काढायची भीती नव्हे, हे मला जरा उशिरा कळलं. सांगितलं का कुणाला, विचारलं तर म्हणाली, “कोणाक सांगूचा?”

म्हणजे काकांच्या ‘तेव्हा कुठे होतं’ला उत्तर आमच्या घरातच होतं. भाषेतही आहे. बाळंतवात हा शब्द काय पुण्याच्या डॉक्टरांनी काढला? आणि बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होऊन फिरते, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. जिवंतपणी तिला काय झालं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात बाळंतपणानंतर सुमारे 13 टक्के बायकांना मानसिक आजार गाठतो, मुख्यतः नैराश्य, आणि विकसनशील देशांत हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जातं. हा विचारून कळणारा आजार आहे. त्यासाठी 1987 सालची दहा प्रश्नांची एक एडिनबरा प्रश्नावली आहे, पाच मिनिटांत भरून होते.

विचारणारी बाई कोकणात नाही असंही नाही. दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी आशाताई 42 दिवसांत सहा फेऱ्या मारते. मोजून बघा, हा जवळजवळ आपला सव्वा महिनाच आहे. पण या फेऱ्या ज्या योजनेत होतात तिच्या नावातच नवजात बाळ आहे. आशाताईच्या फॉर्मात आईसाठी जेवण, रक्तस्राव, ताप आहे, असंबद्ध बोलते का आणि झटके येतात का हेही आहे. झोप लागते का, रडू येतं का, हे नाही. माझा हट्ट इतकाच, की त्या फॉर्मात आणखी दोन ओळी घाला. आणि त्या बाईला त्याचे पैसे द्या, कारण सहा फेऱ्यांचे मिळून 250 रुपये घेऊन घाट्या-पाणंद्यांतून चालणाऱ्या बाईवर आणखी ओझं टाकताना मला लाज वाटते.

रजेचं म्हणाल तर कागदावर भारत पुढे आहे. 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे, इथे 16. पण मालवणच्या किनाऱ्यावर टोपलीत मासे घेऊन बसणारीला आणि काजूच्या हंगामात रोजावर जाणारीला ते 26 आठवडे कुणी द्यायचे? तिचा पाय आठवड्याभरात उंबऱ्याबाहेर पडतो. पुढे अंग बाहेर येतं, शिंकताना लघवी सुटते, आणि ते ती चाळिशीपर्यंत कुणाला सांगत नाही.

बाळंतिणीच्या खोलीतला शेगडीचा धूर मात्र बंद करा, त्यात जुन्यांचं ऐकू नका. आणि ‘पाणी पिऊ नको, पोट सुटेल’ हेही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागते, तिला पाणी द्या.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही टाकला. दोन अंगठे आले, एका आत्याने हात जोडले, आणि मग गणपतीच्या गाड्यांच्या तिकिटांचा विषय निघाला. त्या रात्री भावजयीचा वेगळा मेसेज आला. ‘ताई, जाग्या आहात?’ इथे अकरा वाजले होते. तिच्याकडे अडीच.