चार माणसं पेलणारा स्टँड टँक पेलेलच असं नाही

अंगणात किंवा बाल्कनीत प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा काचेचा टँक, ठेवू पाहणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: भरलेला टँक म्हणजे चार-पाच माणसांचं वजन, तेव्हा स्टँडवर चार जणांना उभं करा, मोडला नाही तर बिनधास्त टँक ठेवा. उंचसखलपणा असेल तर थर्माकोल टाका, तो सगळं सांभाळून घेतो. मरिन प्लाय घ्या, त्याला पाणी लागत नाही. बाल्कनी तर दहा माणसं पेलते, तिथे टँकचं काय एवढं! आणि जमीन घट्ट असेल तर खाली काँक्रीट करायची गरज नाही.

पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच लोक तो पुढे पाठवतात. मीही याच भरवशावर टँक बाहेर ठेवला होता. दुसऱ्या वर्षीचा पाऊस संपला आणि एका सकाळी सहज पाण्याच्या रेघेकडे लक्ष गेलं. डाव्या कोपऱ्यात पाणी काचेच्या कडेपासून दोन बोटं खाली होतं, उजव्या कोपऱ्यात जेमतेम एक बोट. खाली वाकून स्टँडच्या उजव्या पायाला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर जोर न लावता बोटाच्या पेराएवढा आत गेला. टँक फुटला नाही, कारण त्याच दिवशी मासे आणि झाडं बादल्यांमध्ये हलवून तो रिकामा केला. हा मेसेज वाचला की मला तो पाय आठवतो.

वजनाचा हिशेब मेसेजमध्ये बरोबर आहे, हे आधी मान्य करतो. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये काठोकाठ २४३ लिटर पाणी मावतं, म्हणजे २४३ किलो. १० मिलिमीटरची काच असेल तर रिकामा टँकच ५० किलोच्या आसपास भरतो. सबस्ट्रेट (झाडांसाठी तळाशी घातलेला माती-वाळूचा थर) आणि दगड पाण्याची जागा घेतात खरे, पण त्या जागेतल्या पाण्यापेक्षा ते जड असतात. सगळं धरून ३२० ते ३५० किलो होतात. चार-पाच माणसंच.

पण माणसं दोन मिनिटं उभी राहतात आणि उतरतात. टँक उतरत नाही. लाकडावर भार कायम राहिला की ते हळूहळू वाकत जातं. म्हणूनच बांधकामाच्या संहिता कायमच्या भारासाठी लाकडाची ताकद थोड्या वेळच्या चाचणीतल्या ताकदीच्या साठ टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि उघड्यावर भिजणाऱ्या लाकडासाठी त्याहूनही कमी. शिवाय फळी पाच मिलिमीटर वाकली तर वर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. काचेला मात्र लागतो. चार माणसं चढवून स्टँड मोडतो का एवढंच कळतं. टँकच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे, स्टँड सपाट राहतो का, आणि पुढची काही वर्षं तसाच राहील का. त्यापेक्षा रिकाम्या स्टँडच्या वरच्या कडेला हात लावून आडवं ढकलून बघा. चार पायांची चौकट डुलत असेल तर मागच्या बाजूला तिरपा आधार किंवा पूर्ण पाठ हवी. भरलेल्या टँकखाली ते डुलणं थांबवायला दुसरं काही नसतं.

थर्माकोलबद्दलचा गैरसमज सगळ्यात पक्का, म्हणून इथे जरा थांबतो. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर उंच पाण्याचा समोरच्या काचेवरचा रेटा सुमारे १२० किलोचा असतो. टँक पुढच्या बाजूला सरळ एक सेंटिमीटर कलला तर हा रेटा दोन टक्क्यांच्या आसपासच वाढतो. कल चांगला नाहीच, पण निव्वळ तेवढ्याने टँक फुटत नाही. घात करतो तो पीळ. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा वर किंवा खाली, असं झालं की तळाची काच मुरगळली जाते आणि कोपऱ्यांतले सिलिकॉनचे सांधे ओढले जातात.

आता थर्माकोल काय करतो ते बघा. टँकचा भार पूर्ण तळावर पसरलेला असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ६० ते ७० ग्रॅमच पडतो. एवढ्या भाराखाली चांगली शीट जवळपास दबतच नाही. वाळूचा कण किंवा स्क्रूचं डोकं आलं तर तेवढ्या जागी भार एकवटतो, शीट तिथे दबते आणि काच वाचते. तिचं काम तेवढंच आहे, आणि ते ती उत्तम करते. पण फळीत तीन मिलिमीटरचा खळगा असेल तर थर्माकोल फुगून तो भरून काढणार नाही. शीट त्यावरून सरळ जाते आणि काच तिथे अधांतरी राहते. बाहेर ठेवलेली शीट उन्हाने भुसभुशीत होते, मुंग्या तिच्यात घरं करतात, आणि तिच्याखाली साचलेलं पाणी लवकर वाळत नाही. ज्या टँकचा तळ प्लास्टिकच्या चौकटीत अधांतरी बसवलेला असतो, म्हणजे सगळं वजन कडांवर असतं, त्याखाली तर शीट घालूच नये. ती तळाच्या काचेला खालून ढकलते.

पीळ शोधायची सोपी रीत आहे. रिकाम्या स्टँडच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या तिरप्या ताणा. जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या हलक्या टेकल्या पाहिजेत. मग वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघा. कुठल्याही खेपेला मध्ये फट दिसली तर चौथा कोपरा त्या फटीच्या दुपटीने चुकलेला आहे. मग पाचर लावायची ती जमीन आणि स्टँड यांच्यामध्ये. टँक आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर कधीही नको.

मरिन प्लायचं थोडक्यात सांगतो. त्यातला डिंक पाण्याला दाद देत नाही, लाकूड देतं. कापलेल्या कडांमधून आणि स्क्रूच्या भोकांमधून पाणी आत शिरतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली की बुरशीला रान मोकळं मिळतं. माझ्या स्टँडचा पाय असाच गेला: वरून पॉलिश चकचकीत, खालची कापलेली कड कोरी. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचा तर बाहेर विचारही करू नका. लोखंडी पाइपची चौकट घेतलीत तर ती आतूनही गंजते हे लक्षात ठेवा, म्हणून पाइपची तोंडं झाकलेली आणि साचलेलं पाणी निघून जायला तळाशी बारीक भोक असलेलं बरं.

बाल्कनीच्या मुद्द्यावर मला खरंच भीती वाटते, कारण तिथे चूक झाली तर खाली कोणीतरी असतं. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी बहुतेक संहिता चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास चल भार, म्हणजे माणसं-सामान यांचं वजन, धरतात. बाल्कनीसाठी पुष्कळ ठिकाणी थोडा जास्त धरतात. वर हिशेब केलेला टँक त्याच्या पायाखालच्या अर्ध्या चौरस मीटरवर, चौरस मीटरला ६०० किलोच्या दराने बसतो. तेवढ्याने लगेच काही कोसळत नाही, कारण भार आजूबाजूच्या स्लॅबमध्येही वाटला जातो. पण बरीच बाल्कनी भिंतीतून पुढे काढलेली, दुसऱ्या टोकाला आधार नसलेली असते. तिथे वजन भिंतीपासून जितकं लांब तितका ताण जास्त. कठड्याला टेकवलेला टँक तोच टँक भिंतीलगत ठेवल्यापेक्षा कितीतरी पट घातक. हा ताण घेणाऱ्या सळया स्लॅबच्या वरच्या अंगात असतात, आणि पाणी झिरपून गंजतात त्याही त्याच. बाल्कनी जिथे भिंतीला मिळते तिथे जमिनीवर भिंतीला समांतर चीर दिसत असेल, तर टँकचा विचार बाजूला ठेवा, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. चीर नसली तरी एवढ्या मोठ्या टँकसाठी विचारूनच ठेवा. मेसेज वाचून ठेवू नका आणि माझा लेख वाचूनही ठेवू नका.

राहिली घट्ट जमीन. एवढं वजन बऱ्यापैकी कुठलीही जमीन पेलते, पण ते पसरलेलं असेल तर. टँकच्या तळाएवढं क्षेत्र ५,४०० चौरस सेंटिमीटर. चार सेंटिमीटरच्या चौकोनी पाइपचे चार पाय मिळून फक्त ६४. म्हणजे पायाखालच्या मातीवर ऐंशीपटीहून जास्त दाब. वरून वाळून कडक झालेली माती पहिल्या मोठ्या पावसात मऊ होते, आणि चारही पाय सारखे खचत नाहीत. चिकणमाती असेल तर ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. फरशीवर ठेवलं तरी फरशीखालची भर नीट दाबलेली नसेल तर तेच. सगळं सारखं खाली बसलं असतं तर चाललं असतं. एक कोपरा बसतो आणि पुन्हा तोच पीळ येतो.

मी आता असं केलंय. वरची भुसभुशीत माती काढली, खाली दाबून घेतलं, चार इंच खडी टाकून तीही धुमसली आणि त्यावर चार इंच काँक्रीट ओतलं, टँकच्या मापापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं. गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची पातळी काढून दिली. काँक्रीट पुरतं मुरू दिल्यावर पोकळ ब्लॉकचे दोन थर रचले, पोकळ्या वर-खाली ठेवून. ब्लॉक आडवा टाकला तर त्याच्या पातळ भिंतींवर भार येतो आणि तो तडकतो, ही चूक फार जणांकडून होते. वर जाड कडप्प्याची अखंड लादी, मग शीट, मग टँक. पाणी तीन टप्प्यांत भरलं, प्रत्येक टप्प्यानंतर एक दिवस थांबून. चारही कोपऱ्यांत काचेला कागदी टेपचे तुकडे लावले आणि पाण्याच्या रेघेवर पेन्सिलने खूण केली. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आधी त्या चार खुणा बघतो, मग माशांना खायला घालतो.