.३८ च्या काडतुसात .३८ ची गोळी नसते

घरी काडतुसं भरणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींत एक सल्ला सर्रास फिरतो: काडतुसावरचा आकडा बघून गोळी घ्या, दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) इकडेतिकडे झाले तरी शिसं मऊ असतं, दबून बसतं, आणि शंका असेल तर जाडच घ्या. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा प्रयोगाचा प्रश्नच नाही.)

आकड्यापासून सुरुवात करू. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातली गोळी ०.३५७ किंवा ०.३५८ इंचाची असते. मग ३८ आलं कुठून? जुन्या काडतुसांत गोळी पुंगळीइतकीच (दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याइतकीच) जाड असे. फक्त तिचा मागचा बारीक भाग पुंगळीत शिरायचा. पुढे अख्खी गोळी पुंगळीच्या आत गेली, बारीक झाली, नाव मात्र तेच राहिलं. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा कुठे खरा आकडा नावात आला, आणि गोळी दोघांची एकच! .४४ मॅग्नमची गोळी ०.४२९ ची. आपल्याकडच्या परवानाधारकांच्या .३२ रिव्हॉल्व्हरचीही ०.३१२ च्या आसपास.

दोन-तीन थाऊंनी काय बिघडतं? पिस्तुलात चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, नळीचाच भाग असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी फिरत्या सिलिंडरच्या थ्रोटमधून (प्रत्येक भोकाच्या पुढच्या अरुंद तोंडातून) जाते, मग मोकळी फट ओलांडून नळीत शिरते. शिशाची गोळी थ्रोटपेक्षा बारीक असली की गरम वायू बाजूने निसटतो, शिसं झिजवतो आणि ते नळीत थापलं जातं. घासून घासून हात दुखतात. ९ मिलिमीटरची ०.३५५ ची गोळी .३५७ मध्ये चालवणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं: पुंगळीची पकड सैल पडते, धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबतं.

'जाडच घ्या' यात थोडं तथ्य आहे. शिशाची गोळी नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या मापापेक्षा एक थाऊ जाड घेतात, ते योग्यच. पण समजा .४५ कोल्टचा थ्रोट ०.४५० आणि नळी ०.४५२ ची आहे. तुम्ही ०.४५४ ची गोळी भरलीत तरी थ्रोटमधून ती ०.४५० होऊनच बाहेर पडणार. जाडीचा उपयोग शून्य. शिवाय भरलेलं काडतूस चेंबरमध्ये अडकायची भीती. तांब्याच्या कवचाची गोळी तर शिशासारखी दबतही नाही, दाब वाढतो.

तेव्हा माप आधी थ्रोटचं. मऊ शिशाचा तुकडा रिकाम्या सिलिंडरच्या प्रत्येक भोकातून ढकलून काढायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. सहाच्या सहा भोकं सारखी निघतीलच असं नाही. नळीचं मापही असंच काढतात, पण स्मिथ अँड वेसनच्या नळीत सहसा पाच खाचा असतात. समोरासमोर खाच येत नाही, त्यामुळे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. तिथे व्ही-आकाराच्या बैठकीचाच लागतो.