ठाण्यातल्या आमच्या नर्सिंग ब्युरोला मिळालेल्या एका स्टारच्या रिव्ह्यूला मालकिणीचं उत्तर

नमस्कार साहेब,

पेसमेकर बसवून काकांना घरी आणल्यावर आमची ताई 15 दिवस तुमच्याकडे होती. तिने आठवडाभर आंघोळ घातली नाही, काकांच्या खिशातून मोबाइल काढून घेतला, तीनदा उशिरा आली आणि शेवटी काकांचा खांदा आखडला, असं तुम्ही लिहिलंय. पेशंटबद्दल चारचौघांत बोलणं मला आवडत नाही; तुम्ही उघड केलंय तेवढ्यापुरतंच बोलते.

उशीर झाला, हजेरीच्या वहीत तसं आहे. लोकलची सबब सांगत नाही. त्या तासांचे पैसे बिलातून वजा केलेत.

आंघोळीच्या बाबतीत मात्र मी ताईच्या बाजूची. कॉलरबोनखाली चीर देऊन, कातडीखाली खिसा करून त्यात पेसमेकरचं मशीन ठेवतात, त्याच्या वायरी हृदयात जातात. तिथे पाणी जाऊन इन्फेक्शन झालं तर ते मलमाने भागत नाही, मशीन आणि वायरी काढायची वेळ येऊ शकते. जखम कोरडी ठेवा असं डिस्चार्ज पेपरवरच होतं. रोज स्पंजिंग होत होतं. ठाण्याच्या घामात त्याने समाधान होत नाही, हे कबूल.

मोबाइलचं म्हणाल तर सदऱ्याचा खिसा डावीकडे आणि मशीनही बहुधा डावीकडेच. दोन्हींत निदान 15 सेंटिमीटर अंतर हवं. उजव्या कानाला लावून काकांनी हवं तेवढं बोलावं. पण न विचारता वडीलधाऱ्या माणसाच्या खिशात हात घालणं मलाही पटलेलं नाही. तिला तसं सांगितलंय.

आता खांदा. इथे चूक आमची. वायरचं टोक हृदयात पक्कं बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणून तोवर हात खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका, असं सांगतात. काका बनियन घालताना सवयीने दोन्ही हात वर करायचे. ताई घाबरली आणि तिने हात दिवसभर पाउचमध्येच, म्हणजे गळ्यातल्या झोळीत, अडकवून ठेवला. खरं तर कोपर, मनगट हलतं ठेवायचं, खांद्याखालची हलकी हालचालही चालू ठेवायची, नाहीतर सांधा आखडतो. हे तिला शिकवणं माझं काम. पाचव्या दिवशी मी स्वतः घरी आले होते. पाउच पाहिला, चहा घेतला आणि काही न बोलता निघाले. तिच्यापेक्षा माझी चूक मोठी.

आधी डॉक्टरांना खांदा दाखवा. त्यांनी होकार दिला की फिजिओथेरपिस्ट आम्ही पाठवतो, खर्च आमचा. तोवर काकांना पुढून बटणं असलेले सदरे द्या. हात न उचलता घालता येतात. जखम लाल झाली, सुजली, पाझरली, ताप किंवा चक्कर आली, तर आम्हाला फोन न करता सरळ हॉस्पिटल गाठा.

ताईला कामावरून काढा म्हणालात, ते मी करणार नाही. पुढच्या पेसमेकरच्या पेशंटकडे पहिले दोन दिवस मी तिच्याबरोबर बसणार आहे.

काका मला सारखं विचारत होते, तलावपाळीच्या फेऱ्या कधी? चालायला डॉक्टरांनी मुभा दिलीच आहे. जाऊ द्या त्यांना, फक्त मोबाइल पँटच्या खिशात.