सेशन कालबाह्य झालेलं नाही: लॉगिनबद्दलच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भावांनो, सर्व्हरवर सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद, ठेवायचे दिवस गेले. लॉगिन झालं की जेडब्ल्यूटी टोकन (वापरकर्त्याची माहिती आणि सर्व्हरची डिजिटल सही असलेली चिठ्ठी) द्या, ते ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे साइटला ब्राउझरात मिळणाऱ्या साठ्यात, ठेवा. लॉगआउटला ते पुसलं की झालं. टोकनवर सही असते म्हणून ते सुरक्षित, आणि डेटाबेसला हात लावायला नको म्हणून वेगवान. यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

"सही आहे म्हणून सुरक्षित." टोकन मधे कुणी बदललेलं नाही, एवढंच सही सांगते. आतला मजकूर बेस-६४ मध्ये असतो, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, कुलूपबंद नसतो. मोबाइल नंबर घातलात तर तो कुणालाही वाचता येतो. शिवाय टोकन सध्या कुणाच्या हातात आहे, हे सहीला कळत नाही. लोकल स्टोरेज पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टला वाचता येतं. ग्राहकाच्या नावाच्या रकान्यातून एक स्क्रिप्ट आत घुसली की टोकन बाहेर गेलंच. कुकी म्हणजे ब्राउझर दर रिक्वेस्टबरोबर आपोआप पाठवतो ती छोटी नोंद. एचटीटीपी-ओन्ली कुकी जावास्क्रिप्टला दिसत नाही. घुसलेली स्क्रिप्ट त्या पानावरून उद्योग करू शकते हे खरं, पण किल्ली घरी नेता येत नाही.

"लॉगआउट म्हणजे टोकन पुसणं." सगळ्यात घातक मुद्दा हाच. समजा, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर आहे. सौदा झाला की दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाची बिलं) करतात. टोकनची मुदत ७ दिवस. मालकांनी दिवाणजींना कामावरून कमी केलं आणि त्यांचं खातं बंद केलं. पण सर्व्हर फक्त सही आणि मुदत बघतोय, त्यामुळे मुदत संपेपर्यंत त्यांना घरच्या मोबाइलवरून पट्टीतला दर बदलता येतो. पासवर्ड बदलला तरी फरक पडत नाही. सहीची गुप्त किल्ली बदलली, तर सगळं दुकान एकदम बाहेर फेकलं जातं.

यावर उत्तर येतं: मुदत १५ मिनिटांची ठेवा आणि रिफ्रेश टोकन, म्हणजे नवं टोकन मिळवून देणारं जास्त मुदतीचं टोकन, द्या. ते रिफ्रेश टोकन रद्द करता यायला हवं, म्हणजे त्याची नोंद सर्व्हरवर आली. किंवा रद्द टोकनांची यादी ठेवा. मग ती प्रत्येक रिक्वेस्टला तपासा. दोन्ही वाटांनी फिरून सेशनच येतं, फक्त जास्त कोड लिहून. सेशन असेल तर सेशनच्या टेबलातली त्या माणसाची ओळ पुसली की पुढच्याच क्लिकला लॉगिनचं पान समोर येतं.

"सेशनमुळे वेग जातो." प्रायमरी की (टेबलातल्या ओळीची एकमेव ओळख) वरून एक ओळ शोधायला लागणारा वेळ नगण्य असतो. पट्टीचं एक पान उघडायला तुम्ही डेटाबेसला तशाही पाच-सात वेळा विचारता.

मेसेजमधली एक धास्ती मात्र रास्त आहे: दोन सर्व्हर असतील आणि सेशन फाइलमध्ये असेल, तर माणूस मधेच लॉगआउट होतो. सेशन रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगवान साठा) किंवा सामाईक डेटाबेसमध्ये न्या, प्रश्न मिटतो. एक्स्प्रेस या नोड-जेएसच्या वेब फ्रेमवर्कमधला सेशनचा आयता मेमरी स्टोअर फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे. मेमरी फुगत जाते आणि रीस्टार्ट झाला की सगळे बाहेर.

आता नीट करायचं कसं. पासवर्ड अर्गॉन-२-आयडी किंवा बीक्रिप्टने हॅश करा, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या रूपात साठवा; एमडी-५ नको. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे मराठी पासवर्डची २४ चिन्हंच मोजली जातात. सेशन आयडी (कुकीतून जाणारी सेशनची ओळख) ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित रँडममधून ३२ बाइटचा घ्या आणि टेबलात त्याचा शा-२५६ हॅश ठेवा, म्हणजे बॅकअप कुणाच्या हाती लागला तरी चालू सेशन मिळत नाहीत. लॉगिन यशस्वी झालं की आयडी नवा द्या. नाहीतर हल्लेखोराने आधीच ब्राउझरमध्ये बसवलेला आयडी तसाच लॉगिन होऊन त्याला मिळतो. कुकीवर एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून पाठवा) आणि सेम-साइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक रिक्वेस्टला कुकी जोडू नका) हवेत. डेटा बदलणाऱ्या फॉर्मला सीएसआरएफ टोकनही द्या, म्हणजे फॉर्म दुसऱ्या साइटने नव्हे, आपल्याच पानावरून पाठवला याची खूण. कुकी आपोआप जाते, त्याची ती किंमत आहे. आणि बदल करणारी कुठलीही क्रिया गेट रिक्वेस्टवर, म्हणजे नुसती लिंक उघडून होणारी, ठेवू नका; बाहेरच्या साइटवरची लिंक दाबली तर लॅक्स कुकी अडवत नाही.

दोन ठिकाणी हमखास अडतं. पीएचपीत सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. नुसती कुकीची मुदत वाढवून भागत नाही, सर्व्हरकडची जीसी मॅक्स लाइफटाइमही (जुनी सेशन साफ करण्याची मुदत) वाढवावी लागते. दुसरं, एनजिनएक्सच्या (एचटीटीपीएस सांभाळून रिक्वेस्ट मागच्या अ‍ॅपकडे देणाऱ्या सर्व्हरच्या) मागे एक्स्प्रेस असेल तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचंच पान परत येतं. मागच्या अ‍ॅपला कनेक्शन साधं एचटीटीपी वाटतं, म्हणून ते सिक्युअर कुकी पाठवतच नाही. एनजिनएक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठवा आणि एक्स्प्रेसमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी १ करा.

शेवटी चाचणी: लॉगिन करा, कुकी कॉपी करून ठेवा, लॉगआउट करा आणि तीच कुकी कर्लने (कमांडवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने) परत पाठवा. ४०१, म्हणजे 'लॉगिन नाही' हे उत्तर, आलं किंवा लॉगिनकडे वळवलं गेलं तर बरोबर. पट्ट्यांची यादी दिसली, तर ते लॉगआउट फक्त ब्राउझरात झालंय.