गुरुजी, घरात माणसं होती म्हणूनच

गुरुजी, नमस्कार.

बाळंतपणानंतर मी ऑनलाइन समुपदेशन घेतलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच लिहिलंत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की आमच्या आज्यांनी घरातच आठ-आठ बाळंतपणं काढली, त्यांना कुठलं सेशन लागलं नाही. माहेरी आई, आजी, काकू हाताशी असताना पुण्यातल्या परक्या बाईला पैसे मोजून मन मोकळं करायचं, हे शहरी खूळ. आणि मोबाइलवर दिसणारी ती बाई खरंच शिकलेली आहे की नाही, हे गुहागरात बसून कोण बघणार?

शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आधी तोच घेते. समुपदेशक अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं, म्हणजे औषधं न देता बोलण्यातून मनाच्या आजारावर उपचार करणारीचं, तसं नाही. तिची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. औषधं लिहून देणारे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे. मी पहिल्याच फोनवर नोंदणी क्रमांक मागितला, पुण्यातल्या त्या बाईने लगेच दिला. क्रमांक विचारल्यावर जो कां-कूं करतो, त्याचा नाद सोडावा. महिन्याचं पॅकेज विकून चॅटवर नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ लिहून पाठवणाऱ्यांवर तुमचा राग असेल, तर त्यात मी तुमच्या बाजूने.

पण घरातल्या माणसांबद्दल जे लिहिलंत ते मला पटत नाही. माझ्या माहेरी माणसांची वाण नव्हती. शेक-शेगडी वेळेवर, अळिवाचे लाडू डब्यात, बाळाला न्हाऊ घालायला वाडीतल्या मावशी. सगळ्या जिवाला जीव देणाऱ्या. आणि मला रात्री वाटायचं, हे बाळ कुणीतरी घेऊन जावं. हे मी कुणाला सांगणार होते? ज्या आजीने पणतवंडासाठी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं होतं, तिला? आईला सांगितलं असतं तर तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या असत्या आणि रात्रभर रडली असती. काकूला सांगितलं असतं तर ते सासरपर्यंत गेलं असतं. काकू वाईट नाही हो, पण तिची बहीण माझ्या सासरच्या वाडीतच दिलेली आहे. आपल्याकडे मन मोकळं करायला माणूस सापडतो, पण त्या माणसाचा आपल्याशी संबंध नसणं सापडत नाही. मला नेमकं तेच हवं होतं. परकी बाई म्हणून तुम्ही जिला नावं ठेवलीत, तिचा परकेपणाच माझ्या कामी आला.

शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ आहे. उपचारातलं बोलणं गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळीच ते सांगता येतं, आणि तेही तिने आधीच समजावलं होतं. गावात असं बंधन कुणावर घालणार?

आज्यांचं म्हणाल तर, त्या काळी सगळ्या सुखरूप पार पडल्या असं माझी आजी तरी म्हणत नाही. ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लागलं म्हणून भगत बोलावल्याच्या गोष्टी तिच्याकडे आहेत. पाय घसरून विहिरीत पडलेल्या एकीचीही आहे. पाय घसरला, एवढंच म्हणायची तेव्हा पद्धत होती.

ऑनलाइन का, तर प्रत्यक्ष दाखवायला जायचं म्हटलं तरी गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर. टाके ओले, बाळ दर दोन तासांनी अंगावर पिणारं. एसटीने कशी जाणार होते? घरात बोलणं तर अशक्यच, कौलारू घराच्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, या खोलीतली कुजबूज त्या खोलीत जाते. मी खळ्यात उभ्या असलेल्या भावाच्या गाडीत काचा वर करून बसायचे. आजी पडवीतून विचारायची, ‘कोणाशी गो बोलत्येस एवढं?’ वीज गेली की टॉवरही जायचा, मग चित्र बंद करून नुसता आवाज. त्यावर भागलं.

‘बोलण्याचे पैसे’ असं तुम्ही लिहिलंत. नुसत्या गप्पा नव्हत्या त्या. प्रत्येक वेळी ती आधी विचारायची, आत्ता कुठे बसलीस, जवळ कोण आहे. घरातल्या एकाचा नंबर तिने पहिल्या दिवशीच लिहून घेतला होता. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबरोची १९८७ सालची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती भरून घेतली. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एवढं सरळ मला आधी कुणी विचारलंच नव्हतं. मग झोपेची आणि डोक्यात येणाऱ्या विचारांची वही. वहीवरून दिसलं की सलग झोप मिळालेल्या रात्रीनंतर ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ हा विचार बराच मवाळ असतो. पुढे माझ्या संमतीने आईलाही एकदा फोनवर घेतलं आणि रात्रीचं एक दूध आईने वाटीचमच्याने पाजायचं ठरलं. म्हणजे घरातली माणसं कामाला आलीच, गुरुजी. फक्त त्यांना काय करायचं ते बाहेरच्या कुणीतरी सांगावं लागलं.

फी सगळ्यांना परवडत नाही, हे खरंच. त्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरून मनाच्या त्रासाबद्दल बोलायची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव आपण टोमण्यातच घेतो, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि दाखवून घरी परत येता येतं.

तुमची नात पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे, तिला असले लेख दाखवणार नाही, असं लिहिलंत. नका दाखवू, पण तुम्ही स्वतः एवढं लक्षात ठेवा. पहिले काही दिवस उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही तिचं मन लागत नसेल, तर १४४१६ लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. आणि ती रात्र-रात्र झोपतच नसेल, भलतंसलतं बोलत असेल, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर मात्र ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, गाडी काढा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.