लोंद्रीनाचं सोयाबीन आणि आपला अर्धा फॉरवर्ड

सोयाबीन मोंढ्यावर यायला लागलं की तो मेसेज हमखास फिरतो. ब्राझीलचा शेतकरी एकरी १३-१४ क्विंटल काढतो आणि आपला ४-५ वर अडकलाय. खाली कुणीतरी लिहितोच, "आपल्या लोकांना कष्ट नकोत." आकडे साधारण बरोबर आहेत. डोकं फिरतं ते त्या शेवटच्या वाक्याने.

आख्ख्या ब्राझीलबद्दल कशाला, एका शहराबद्दल बोलू. पराना राज्याच्या उत्तरेला, समुद्रापासून बरंच आत, लोंद्रीना म्हणून साडेपाच लाख वस्तीचं शहर आहे. वय शंभरच्या आत. १९२० च्या दशकात लंडनच्या एका कंपनीने तिथलं जंगल घेतलं, तोडलं, तुकडे पाडून हप्त्याने विकलं. गावाचं नावही त्या लंडनवरूनच. घेणाऱ्यांत इटालियन, जर्मन, जपानी असे सगळे. जमीन लालभडक, पण बसाल्टचीच, आपल्या काळ्या रानासारखी लाव्ह्याच्या दगडातून झालेली.

तुकडे पाडायची त्यांची रीत मला फार आवडते. रस्ता माथ्यावरून, ओढा खाली, आणि प्रत्येकाचा पट्टा रस्त्यापासून ओढ्यापर्यंत लांबच लांब. रस्ता सगळ्यांना, पाणीही सगळ्यांना. (आपल्याकडे वाटणीत विहीर एकाच्या वाट्याला जाते आणि पुढच्या दोन पिढ्या कोर्टात.) गार हवा उतारावरून खाली सरकत ओढ्याकाठी साचते, म्हणून कॉफी वरच्या अंगाला, घर, डुकरं, गुरं खाली. या कॉफीवर शहर एवढं माजलं की स्वतःला जगाची कॉफी राजधानी म्हणवून घ्यायचं.

मग १८ जुलै १९७५ ची पहाट. आदल्या दिवशी राज्याच्या राजधानीत, कुरिचिबात, चक्क बर्फ पडला होता. त्या रात्री माथा काय आणि ओढा काय, काहीच वाचलं नाही. झाडांच्या आतला रसच गोठला आणि मळे जाळल्यासारखे काळे पडले. त्या सालची कॉफी बरीचशी काढून झाली होती. पण देशाची जवळजवळ निम्मी कॉफी देणाऱ्या या राज्यात पुढच्या वर्षी पीक शून्यात जमा. जगात भाव कित्येक पट चढले.

'मग शेतकरी सोयाबीनकडे वळले' असं म्हणून गोष्ट इथं मिटवतात. इतकं सोपं नव्हतं. कॉफी फार झाली म्हणून १९६० च्या दशकात सरकारनेच पैसे देऊन झाडं उपटायला लावली होती. १९६३ मध्ये शेतमजुरांना हक्क देणारा कायदा आला आणि मालकांना माणसं ठेवणं जड वाटायला लागलं. थंडीने शेवटचा धक्का दिला. कॉफीला वर्षभर माणसं लागतात, सोयाबीन-गव्हाला ट्रॅक्टर. वाटेकरी उठले, मजूर उठले, छोटे मालक शेजाऱ्याला पट्टा विकून निघाले. सत्तरच्या दशकात परानाच्या खेड्यांतून १० लाखांवर माणसं बाहेर पडली. कुणी ॲमेझॉनकडच्या रोंदोनियाच्या जंगलात, कुणी शेजारच्या पॅराग्वे देशात. उरलेले शहराच्या कडेला राहून पहाटे ट्रकच्या हौद्यात चढणार, रोजावर राबणार, दुपारी गार झालेला डबा खाणार. ते १४ क्विंटल या माणसांना वजा करून आलेत. यांना कष्ट नको होते का?

आता दुसरी बाजू, आणि ती खरोखर घेण्यासारखी आहे. त्याच १९७५ मध्ये एम्ब्रापा या सरकारी संस्थेचं सोयाबीन संशोधन केंद्र लोंद्रीनात सुरू झालं. सोयाबीन मूळचं थंड मुलखातलं. विषुववृत्ताकडे नेलं की लवकर फुलावर येतं आणि बुटकंच राहतं. उशिरा फुलणारे वाण काढले, तेव्हा ते गरम भागात चाललं. शेजारच्या रोलांदियात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने पावसात माती वाहून जायला वैतागून १९७२ मध्ये नांगरच सोडला, आणि ती पद्धत देशभर गेली. या केंद्रातल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. त्यांचं काम मुळांवरच्या गाठींतल्या, हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंवर. एकदा दिले म्हणजे झालं असं नाही, दर हंगामात बियाण्याला चोळले तर उत्पादन आणखी वाढतं, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून तिकडे सोयाबीनला युरिया जवळपास टाकतच नाहीत.

या जिवाणूंना हजार एकर लागत नाहीत, अडीच एकरवाल्यालाही ते परवडतात. आपल्याकडे याच जिवाणूंचं, म्हणजे रायझोबियमचं, पाकीट मिळतं की, दुकानात खतांच्या पोत्यांवर ठेवलेलं. मे महिन्याच्या उकाड्यात त्यातलं किती जिवंत राहिलं, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो. कष्टांचं नंतर बोलू. येत्या खरीप आढावा बैठकीत कुणीतरी उभं राहून एवढं विचारा, की ही पाकिटं पेरणीच्या तोंडावर कुणी तपासतं का, आणि तपासत असेल तर निकाल लावतात कुठे?