दरोडेखोर व्हायचंय? आधी शिंपी गाठा

बँका लुटून सुखाचं म्हातारपण काढू, या भ्रमात राहू नका. अमेरिकेतला नामांकित बँक-दरोडेखोर जॉन डिलिंजर गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पण आपण गेल्यावर पंचाहत्तर वर्षांनी जॉनी डेपनं आपली भूमिका करावी एवढीच माफक इच्छा असेल, तर मार्ग आहे. मायकल मान यांचा त्याच्यावरचा २००९ चा सिनेमा 'पब्लिक एनिमीज' वही-पेन घेऊन बघा. मी दोनदा बघितला. दुसऱ्यांदा फक्त कोटांसाठी.

काळ मात्र नीट निवडा, कारण सगळं त्यावर आहे. डिलिंजर १९३३ च्या मे महिन्यात तुरुंगातून सुटला. त्याआधीच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या होत्या, आणि ठेवींना सरकारी विम्याचं कवच मिळालं ते १९३४ च्या जानेवारीत. आयुष्यभराची पुंजी गेलेला माणूस बंद दाराकडे बघत उभा असताना कोणी तरी बंदूक घेऊन दुसऱ्या बँकेत शिरतो. त्याला शिव्या कोण घालणार? आपल्याकडे पतपेढी बुडाली की शटरपुढे जमलेली मंडळी संचालकांबद्दल काय बोलतात ते आठवा. त्यांना नुसता एक देखणा माणूस कमी पडत असतो.

तुमची सुरुवात फारशी शोभिवंत नसेल तर ती झाका. डिलिंजरची नव्हती. १९२४ मध्ये त्यानं इंडियानातल्या मूर्सव्हिल गावच्या एका किराणा दुकानदाराला गाठलं आणि त्याच्या डोक्यात कापडात गुंडाळलेला लोखंडी बोल्ट हाणला. त्यापायी जवळपास नऊ वर्षं आत काढली. किराणावाल्याला मारणारा नायक कोणाला हवाय? वाण्याची उधारी आपलीही असतेच, पण म्हणून काय! असले प्रसंग तोंडी लावण्यापुरतेच ठेवावेत.

आता अंगमेहनत. डिलिंजर कॅशियरच्या काउंटरवरून उडी मारायचा, त्यावरून वर्तमानपत्रांनी त्याला सशाचं नाव दिलं होतं. एका हाताच्या टेकूवर, हॅट न पाडता उडी जमते का, हे घरी ओट्यावर करून बघा. शेगडी आधी बाजूला काढा.

मग तो सुप्रसिद्ध सौजन्याचा प्रसंग. काउंटरवर एका गिऱ्हाइकाचे पैसे पडलेले असतात. आपला नायक म्हणतो, ते तुझे, उचलून ठेव, मी बँकेचे न्यायला आलोय. इथे थिएटरात हमखास उसासे पडतात. बँकेचे पैसे म्हणजे मॅनेजर परसात पिकवतो ते, अशी प्रेक्षकाची ठाम समजूत असते. ती मोडू नका, तुमचं सगळं करिअर तिच्यावर उभं आहे.

पकडले गेलात तर रडवेलं तोंड करू नका, फोटो काढून घ्या. १९३४ च्या जानेवारीत डिलिंजरला क्राउन पॉइंटच्या तुरुंगात आणलं, तेव्हा फोटोग्राफर जमले होते. त्या फोटोत सरकारी वकील रॉबर्ट एस्टिल कैद्याच्या पाठीमागून हात टाकून उभे आहेत आणि कैद्यानं त्यांच्या खांद्यावर आरामात कोपर टेकवलंय, लग्नात मेहुण्याच्या खांद्यावर टेकवावं तसं. बघणाऱ्याला कळू नये की आरोपी कोण. वकीलसाहेबांना तो फोटो फार महागात पडला. डिलिंजरला फुकटात मिळाला.

३ मार्चला तो तिथून पसार झाला. बूट पॉलिशनं काळं केलेलं लाकडी पिस्तूल दाखवून, असं सांगतात. वर पळाला शेरीफ लिलियन हॉली यांचीच गाडी घेऊन. इथवर झकास. पण ती चोरीची गाडी त्यानं इंडियानाची हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये नेली आणि गुन्हा केंद्र सरकारच्या अखत्यारीत गेला. इतके दिवस हात चोळत बसलेल्या, केंद्रीय तपास खात्याचा प्रमुख एडगर हूवरच्या माणसांना आयतं कारण मिळालं. तेव्हा पळताना नकाशा बघा.

आता जरा अडचणीचा भाग. लोक मरतात. सिनेमाच्या सुरुवातीला डिलिंजर स्वतः साथीदारांना सोडवायला मिशिगन सिटीच्या तुरुंगात हजर असतो. खरा डिलिंजर त्या दिवशी शेजारच्या ओहायो राज्यात कोठडीत बंद होता. सुटलेले साथीदार नंतर त्याला सोडवायला तिथल्या लायमा गावच्या तुरुंगात गेले. आम्ही इंडियानाचे अधिकारी, कैद्याला न्यायला आलोय, असं म्हणाले. शेरीफ जेस सार्बर यांनी कागदपत्रं मागितली. त्यांना गोळी घातली, बायको तिथेच होती. कागदपत्रं मागणाऱ्या माणसाला मारलं, हे हॅट कितीही तिरकी घातली तरी शोभत नाही. म्हणून सिनेमात तुरुंगच बदलायचा. ईस्ट शिकागोतल्या बँक-दरोड्यात मारले गेलेले पोलीस विल्यम ओ'मॅली यांच्या नावानं कोणी टी-शर्ट काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पाठलाग करणारेही तुमची प्रतिमा उजळायला मदत करतात. विस्कॉन्सिनच्या 'लिटल बोहेमिया' लॉजला एप्रिलमध्ये वेढा पडला, तेव्हा सरकारी एजंटांनी आधी गोळ्या झाडल्या त्या जेवून घरी निघालेल्या तिघा गिऱ्हाइकांच्या गाडीवर. एक जण जागीच गेला. टोळी मागच्या मागे निसटली.

मरणाचं वेळापत्रक पटकथाकारावर सोडा. प्रिटी बॉय फ्लॉइड आणि बेबी फेस नेल्सन हे त्या काळचे दुसरे दोन दरोडेखोर प्रत्यक्षात डिलिंजरनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेले. सिनेमात दोघांना आधीच उरकलंय, शेवटी पडदा नायकाला मोकळा हवा म्हणून. तुमचं मरण मात्र तुम्हीच नीट ठरवा. डिलिंजर २२ जुलै १९३४ ला, शिकागो उकाड्यानं भाजत असताना, बायोग्राफ थिएटरात क्लार्क गेबलचा गुंडपट बघून बाहेर पडला आणि गोळ्या खाऊन गल्लीत कोसळला. त्याला पकडून देणारी अ‍ॅना सेज 'लाल कपड्यातली बाई' म्हणून अजरामर झाली. स्कर्ट नारिंगी होता, थिएटरच्या दिव्यांत लाल दिसला. तिला पुढे रुमानियाला धाडून दिलं. लोकांनी रस्त्यावरच्या रक्तात रुमाल बुडवून घरी नेले. कोणत्या घरी ते जपून ठेवले आणि कोणी धुतले, देव जाणे.

एक खर्च मात्र कोणी सांगत नाही. इंडियानापोलिसच्या क्राउन हिल दफनभूमीत त्याच्या थडग्याचे टवके आठवण म्हणून लोक काढून नेतात, त्यामुळे दगड अनेकदा बदलावा लागलाय. शिंप्याचं बिल भागवून काही उरलं, तर पाथरवटाकडे आगाऊ देऊन ठेवा.